बंदसाहेब

पंपघरात शिरले की साहेब आधी कोणाशीच बोलत नसत. आम्ही उठून उभे राहायचो, नमस्कार करायचो, पण त्यांचं लक्ष चालू पंपाकडे. सरळ जाऊन ते उजवा हात उलटा करायचे आणि बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचे. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावते ना, तसा. डोळे मिटलेले, मान थोडी कललेली. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग, मग खुद्द मोटर. आम्ही परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे गप्प. शेवटी खिशातून घडी केलेला रुमाल काढून हात पुसायचे आणि म्हणायचे,

"बंद कर."

का, कशासाठी, ते मागाहून. आधी बंद.

म्हणून आम्ही ऑपरेटर लोकांनी त्यांचं नाव बंदसाहेब पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा मी पुढच्या पाळीच्या माणसाला फोनवर सांगत होतो, "झाडून-पुसून घे गड्या, बंदसाहेब निघाले म्हणते," तर मागून आवाज आला, "निघाले नाई, पोचले." वळून पाहतो तर साहेब दारात. ओठांच्या कोपऱ्यात हसू.

तुम्ही कधी अकोल्याहून दर्यापूरकडे वडापच्या जीपमध्ये कोंबून गेला असाल, तर आमचा भाग तुम्ही पाहिला आहे. दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. दिसायला सोनं, पण विहीर खोदली की पाणी खारं. खारपाणपट्टा म्हणतात याला. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि वर्षानुवर्षं तेच पीत राहिलं तर माणसाच्या किडन्या जातात. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणातलं गोडं पाणी नळानं आणून गावोगावच्या टाक्यांत चढवायची सरकारी योजना झाली. ते चढवायचं काम आमच्या पंपघराचं. मी तिथं ऑपरेटर होतो आणि साहेब यांत्रिकी शाखेचे अभियंते. आमच्यासारखी बरीच पंपघरं त्यांच्याकडे तपासणीला होती.

त्यांचं घर अमरावतीला, नेमणूक अकोल्याची. जठारपेठेत एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. उंच, जाडजूड माणूस, आवाज खर्जातला, आणि अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. पंपाच्या तपासणीला पांढरा शर्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अरे भाई, कोणता पंप कुठून तेल फेकून राहिला, हे शर्ट सांगते मले. फुकटचं मीटर आहे हे." घरी भाभी त्या शर्टांवरून काय बोलत असतील ते त्यांनाच माहीत. खाण्याचे मोठे शौकीन. दर्यापूरच्या स्टँडवरचा रश्शात भिजवलेला आलुबोंडा खाल्ल्याशिवाय त्यांचा दौरा पुरा होत नसे, आणि रस्सा नेमका शर्टावर सांडायचा. मग कोणत्या डागाला तेल म्हणायचं आणि कोणत्याला रस्सा, यावर आमची पैज लागायची.

रागही तसाच जबर. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथं दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. त्याला आम्ही ग्लँड म्हणतो. तिथून थेंब थेंब पाणी पडत राहतं आणि पडलंच पाहिजे, त्यानं दांडा थंड राहतो. मी नवा होतो. रोज फरशी पुसून कंटाळलो आणि ग्लँडचे नट आवळून टाकले. फरशी कोरडी झाली. मी खुश. साहेब आले, हात लावला आणि असे ओरडले की बाहेरच्या कडुनिंबावरचे कावळे उडाले.

"घाम येऊ दे ना बाप्पा त्याले! तुह्या अंगाचा घाम बंद केला तं तू जगशीन का?"

मग स्वतः पाना घेऊन नट सैल केले, मला शेजारी बसवलं आणि थेंब किती वेळानं पडला म्हणजे बरा, ते दाखवलं. जाताना म्हणाले, "फरशी ओली राहिली तं साहेबाले माझं नाव सांगजो." साहेब तेच होते. मी हसायचं की नाही, कळेना.

पंपघर बांधलं तेव्हा दोन पंप बसवले होते. एक चालवायचा, एक राखीव. मी लागलो तोवर राखीव पंपाचा सांगाडा उरला होता. चालू पंपाचं काही झिजलं की नवा भाग यायला महिने जायचे, मग राखीवचा काढून बसवायचा. असं करत करत पहिल्यानं दुसऱ्याच्या पोटातलं सगळं खाल्लं होतं. मोटर तेवढी धड होती. तिच्यावर आम्ही जेवणाचे डबे ठेवायचो.

म्हणजे साहेब "बंद कर" म्हणाले की गावांचं पाणीच बंद. पण ते दुपारी बंद करायचे, संध्याकाळपर्यंत काम उरकायचे, आणि टाक्यांत पाणी असायचं. कोणाला फारसं कळतही नसे.

एका उन्हाळ्यात मात्र काम मोठं निघालं. दांड्यावर चढवलेली धातूची बाही झिजून गेली होती आणि दांडा हातानं हलवला तर खालीवर होत होता. साहेबांनी हात लावला आणि नेहमीचे दोन शब्द म्हणाले. ते बरोबरच होतं. आणखी चालवला असता तर पंपाचं पोटच फाटलं असतं. दांडा काढून अमरावतीला लेथवर पाठवला. दोन दिवसांचं काम, पण त्या वर्षांत वीज कधी असे, कधी नसे. लेथवाला विजेची वाट पाहत बसला आणि आम्ही लेथवाल्याची. आठवडा गेला.

पाणी येणार नाही हा निरोप गावोगाव देणं कार्यालयाचं काम होतं. बहुतेक गावांत तो गेला. नळाच्या अगदी टोकाच्या गावात पोचलाच नाही. टाकी आटली, लोकांनी एक-दोन दिवस वाट पाहिली आणि मग नाल्याकाठच्या पडीक विहिरीवर गेले. गावात जुलाब-उलट्यांची साथ लागली. बरेच लोक दवाखान्यात पडले आणि एक बाई गेली.

ती बाई आमच्या ओळखीची होती. टाकीला लागूनच तिचं घर. साहेब टाकीचा व्हॉल्व्ह पाहायला गेले की ती ताकाचा गडवा घेऊन यायची आणि तक्रारही करायची. "साहेब, तुमचं पाणी काल बारीक आलं बरं." तुमचं पाणी! साहेबांना ते फार आवडायचं. परतताना जीपमध्ये मला म्हणायचे, "पाहिलं? पाणी आपलं म्हणते ते."

बातमी कळली तेव्हा पंप सुरू झालेला होता. साहेब त्याच दिवशी त्या गावाला निघाले आणि मला सोबत घेतलं. ओसरीत तिचा म्हातारा सासरा बसला होता. साहेब उभेच राहिले. म्हाताऱ्यानंच मान वर केली.

"पंप झाला काय साहेब दुरुस्त?"

"झाला."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला. "लोकायचे हाल होऊन राहिले होते."

त्यात टोमणा नव्हता. मी म्हाताऱ्याचा चेहरा पाहत होतो, म्हणून सांगतो. त्याला खरोखरच तेवढंच जाणून घ्यायचं होतं. पण साहेबांनी ओसरीच्या खांबाला हात टेकला. शिवी दिली असती, अंगावर धावून आला असता तर ते सोपं झालं असतं, असं त्यांनी मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. परतताना ते एकच वाक्य बोलले.

"बंद मी केला ना."

मी म्हणालो, "साहेब, निरोप देणं तुमचं काम नव्हतं."

"निरोप कोणीबी देओ. बटन मी दाबाले लावलं."

तिथून माणूस बदलला. हात उलटा करून बेअरिंगला लावायचे, पण आता डोळे मिटायचे नाहीत. हात उचलायचे तेव्हा चेहरा ओढलेला. "गरम आहे," म्हणायचे. मग पुष्कळ वेळानं, "चालू दे. ओलं बारदान टाक त्याच्यावर. पाहून घेऊ." मी बेअरिंगवर ओली पोती टाकायचो, त्यांवर पाणी मारत बसायचो. जिथं ते पूर्वी पाना मागायचे, तिथं आता पाचर ठोकून, तार आवळून वेळ निभवायचे. आणि काही करून पंप बंद ठेवावाच लागला, तर आधी जीप काढून स्वतः गावोगाव हिंडायचे. टोकाच्या गावापासून सुरुवात. पारावर उभे राहून त्या खर्जातल्या आवाजात सांगायचे, "उद्या पाणी नाई. आजच भरून ठेवा. नाल्याच्या विहिरीवर कोणी जाऊ नका, माय बाप हो." लोक म्हणायचे, साहेब स्वतः दवंडी देते. काही जण हसायचेही. आम्ही आता त्यांना बंदसाहेब म्हणत नव्हतो. तो शब्द कसा कोण जाणे, आपोआपच तोंडातून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पंप थरथरायला लागला. मोटर आणि पंप यांना जोडणारी जी बिडाची जोडणी असते, कपलिंग म्हणतात तिला, तिच्यातली रबरं खाऊन गेली होती आणि पायाचा एक बोल्ट सैल होता. उभं राहिलं तर फरशीतून तळपायाला मुंग्या यायच्या. साहेब सकाळी आले, हात लावला आणि लावूनच उभे राहिले. कपलिंगवरची संरक्षक जाळी हलवून पाहिली. ती घट्ट होती.

"बंद करू काय साहेब?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी त्यांना काहीतरी अवघड करायला लावतो आहे, अशी नजर.

"टोकाच्या गावची टाकी रिकामी आहे," ते म्हणाले. "मी दर्यापूरले जातो, तहसीलीतून टँकर लावून घेतो. टँकर निघाले की तुले फोन करतो, मग बंद कर. तोवर चालू दे. दुपारपर्यंत दम काढीन तो."

ते गेले. टँकरची सही करणारे अधिकारी बैठकीत होते. साहेब तिथल्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. मला हे सगळं नंतर कळलं. दुपारी मी व्होल्टमीटर पाहायला पॅनलकडे वळलो आणि मागं फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. कपलिंग फुटलं होतं. बिडाचा एक तुकडा जाळी फाडून आला आणि माझ्या डाव्या पायात, गुडघ्याखाली शिरला. मोटर मोकळी होऊन किंचाळत होती. ती कोणी बंद केली ते मला माहीत नाही.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी बरेच आठवडे होतो. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला.

साहेब रजा टाकून रोज यायचे. यायचे आणि खाटेशेजारी स्टुलावर बसायचे. भाभींनी दिलेला डबा उघडायचे, झाकणात भात काढायचे, चमचा माझ्या हातात द्यायचे. माझे दोघं भाऊ हिवरखेडहून आले होते. तिथं आमची शेती, पण त्या वर्षांत शेतीनं घर चालत नव्हतं. सगळ्यांचाच गाडा माझ्या पगारावर होता. थोरला भाऊ पहिल्या दिवशी साहेबांवर चिडला होता. पण रोज येऊन डोकं खाली घालून बसणाऱ्या माणसावर किती दिवस चिडायचं? तो मला हळूच म्हणाला, "त्यायले सांग ना, नका येत जाऊ म्हणा. पाहवत नाई."

एक दिवस साहेब अचानक म्हणाले, "तू सांग. बंद कराले पायजे होता का चालू ठेवाले?"

"कोणत्या वेळेस, साहेब?"

"कोणत्याबी वेळेस."

मी पुष्कळ विचार केला. तुम्हीही करून पाहा. पहिल्या वेळी बंद केला, ते बरोबर होतं आणि एक बाई गेली. दुसऱ्या वेळी चालू ठेवला, तो त्या बाईसाठीच ठेवला. "जाऊ द्या साहेब," एवढंच मी म्हणालो. त्यांना ते पुरलं नाही, हे मला दिसत होतं.

मग चौकशी आली. मला चालता येऊ लागलं होतं, म्हणून पंपघरातच बोलावलं. वरून आलेले अधिकारी चांगले होते, पण दोष कोणाचा ते ठरवूनच आले होते. अपघातानंतर मला बाहेर काढताना लोकांनी फाटकी जाळी उपटून बाजूला फेकली होती. पंचनाम्याच्या फोटोत कपलिंगवर जाळी नव्हती. म्हणजे ऑपरेटरनं जाळी काढून पंप चालवला, असा सरळ अर्थ. निष्काळजीपणा ठरला असता तर माझी नोकरी गेली असती. मी सांगत होतो, जाळी होती. अधिकारी मान हलवत होते, पण ऐकत नव्हते.

साहेबांना विचारलं तेव्हा अधिकाऱ्यांनीच त्यांना वाट काढून दिली. "तुम्ही तर त्या वेळी तहसीलमध्ये होता. इथं काय घडलं ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. बरोबर?"

साहेब उभे राहिले. वास्तविक बसून बोललं तरी चाललं असतं.

"जाळी जागेवर होती," ते म्हणाले. "त्याच सकाळी मी हात लावून पाहिली होती. आणि पंप बंद करायला पाहिजे होता, हे मला कळलं होतं. याने मला विचारलं, बंद करू का. मी म्हणालो, चालू ठेव."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही काय बोलताहात ते कळतंय ना?"

"कळते," साहेब म्हणाले, शुद्ध बोलायचं विसरून. "आतापर्यंत कळतच नव्हतं साहेब. आता कळते."

माझी नोकरी राहिली. त्यांची पगारवाढ थांबली, बढती गेली आणि बदली झाली अमरावतीच्या भांडारात, जिथं नटबोल्ट आणि पाइप मोजायचे. ज्या माणसाला चालता पंप हाताला लागल्याशिवाय चैन पडत नसे, त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं. पगाराच्या दिवशी मला त्यांची आठवण यायची. घरात धान्य यायचं, भावाच्या पोरीची फी जायची आणि मला वाटायचं, हे त्यांच्या एका वाक्यावर चाललं आहे. मी काही केलं नव्हतं.

काही महिन्यांनी एका रविवारी पंपघराच्या फाटकाशी वडापची जीप थांबली आणि मागच्या पायरीवरून साहेब उतरले. हातात पान्यांची पिशवी. मी नमस्कार केला. ते चालू पंपाकडे गेलेच नाहीत. कोपऱ्यातल्या राखीव सांगाड्यापाशी जाऊन त्याच्यावरचे आमचे डबे एकेक करून खाली ठेवायला लागले.

"हा उभा करतो," ते म्हणाले. "वरून परवानगी आणली आहे. सुटीच्या दिवशी, माझं मी यायचं."

त्यानंतर ते रविवारी यायला लागले. मी मदतीला. त्या वर्षांत आमच्याकडे एकेक करून सगळं बंद पडत होतं, जिनिंग झाले, तेलगिरण्या झाल्या, सूतगिरण्याही गेल्या. अशाच एका बंद सूतगिरणीतलं भंगार निघणार होतं आणि तिथं आमच्या पंपाचा जुळा भाऊ पडून असल्याचं साहेबांना भांडारातल्या कोणीतरी सांगितलं होतं. कार्यालयाकडून पत्रव्यवहार करून, पुष्कळ खेटे घालून त्यांनी तो मिळवला. आणायला आम्ही दोघं गेलो. भलीमोठी रिकामी शेड, यंत्रं काढून नेलेल्या जागी फरशीवर चौकोनी डाग, आणि वर पारवे. पंप मागच्या खोलीत, धुळीखाली. साहेबांनी सवयीनं हात उलटा करून त्याच्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गार आहे," ते उगाचच म्हणाले.

राखणदार आधी त्याच गिरणीत कामाला होता. त्यानं पंप टेम्पोत चढवायला हात लावला आणि वर दोरही बांधून दिला. म्हणाला, "न्या साहेब. इथलं काही तरी कुठं चालू राहीन."

पाती असलेली आतली चकती, बाही, बेअरिंगं, सगळं त्या पंपातून निघालं. जे मापात नव्हतं ते साहेबांनी अकोल्याच्या लेथवर उभं राहून मापात आणलं. पंप आणि मोटर एका रेषेत आणायला तर कितीतरी रविवार गेले. एकदा मी म्हणालो, "झालं की साहेब, केसाएवढा फरक आहे." त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि पुन्हा सगळं सैल करून पहिल्यापासून सुरू केलं. मी परत कधी तसं बोललो नाही.

आणि एका सकाळी राखीव पंप सुरू झाला. मीच बटन दाबलं. आवाज गोल, एकसुरी. साहेबांनी हात लावला, डोळे मिटले. पुष्कळ दिवसांनी मी ते पाहत होतो. मग रुमालाला हात पुसला आणि जुन्या पंपाकडे बोट दाखवलं.

"आता त्याले बंद कर."

मी बंद केला. नळातलं पाणी चालूच राहिलं. दाबाचा काटा थोडा हलला आणि परत जागेवर आला. मला ओरडावंसं वाटलं. साहेबांकडे पाहिलं तर ते पंपाच्या ओट्यावर बसले होते आणि चेहरा पडलेला.

"काय झालं साहेब? इतकं चांगलं झालं."

"राखीवचा पहिला भाग कोणी काढला, माहीत आहे तुले? तू यायच्या आधीची गोष्ट."

"नाही."

"मी. एक बेअरिंग पायजे होतं. म्हटलं, नवं येईपर्यंत याचं काढू. मग नवं आलं ते दुसरीकडे गेलं. मग बाही काढली. मग..." त्यांनी हात झटकला. "मी दोन वर्षं विचार करून राहिलो, बंद कराले पायजे होता का चालू ठेवाले. अबे, दोन पंप असते तं हा सवालच नव्हता. ते बाई असती. तुहा पाय असता. रविवारी येऊन जे आता केलं, ते तवा काहून नाई केलं मी?"

या वेळी मी "जाऊ द्या" म्हणालो नाही. शेजारी ओट्यावर बसलो. दोघं पंपाकडे पाहत राहिलो. ग्लँडमधून थेंब पडत होते, जसे पडायला पाहिजेत तसे.

त्यानंतर ते फारसे आले नाहीत. निवृत्त झाल्याचं कळलं. फोनवर मी बोलवायचो, ते म्हणायचे, "येतो ना बाप्पा," पण यायचे नाहीत. पुढच्या काळात पंप अदलून बदलून चालवायला लागलो, पाणी एक दिवसही खंडलं नाही. हे मी त्यांना फोनवर सांगायचो. ते "बरं" म्हणून भाभींच्या तब्येतीचं काढायचे.

मग एक दिवस भांडारातल्या माणसाचा फोन आला. साहेब गेले. झोपेतच. मला कळेपर्यंत कब्रस्तानात मिट्टी होऊन दोन दिवस झाले होते.

मी अमरावतीला गेलो. गल्लीतलं छोटं दुमजली घर. खालच्या खोलीत नातेवाईक मंडळी सतरंजीवर बसली होती. मला खाली बसता येत नाही म्हणून कोणीतरी खुर्ची दिली. सगळे खाली आणि मी एकटा वर, फार अवघडल्यासारखं झालं. साहेबांचा मुलगा नागपूरला नोकरीला होता, त्याला मी प्रथमच पाहत होतो. तोच आवाज. त्यानं ओळख विचारली.

"मी पंपघरातला," मी म्हणालो. "साहेबांच्या हाताखाली होतो."

तो मला आतल्या खोलीत घेऊन गेला. दार लोटून घेतलं.

"काका, एक विचारू? अब्बांना ती सजा कशाची झाली होती? बढती गेली, स्टोअरला टाकलं. घरी कधी बोलले नाहीत. आम्ही विचारलं की म्हणायचे, माझ्याच हातून झालं. मोहल्ल्यात लोक म्हणायचे, पैसे खाल्ले असतील." तो थांबला. "मलाही तसंच वाटायचं. एकदा मी त्यांना तोंडावर तसं बोललो."

मी त्याला सगळं सांगितलं. टोकाचं गाव, ती बाई, तिचा सासरा. टँकरसाठी तहसीलच्या बाकावर बसलेले साहेब. चौकशी. सूतगिरणीतला पंप, ते सगळे रविवार. तो खिडकीच्या गजाला धरून ऐकत होता. शेवटी वळला.

"म्हणजे तुमचा पाय अब्बांमुळे गेला?"

नाही म्हणणं सोपं होतं. गेलेला माणूस, समोर त्याचा पोरगा. पण ज्यानं अधिकाऱ्यासमोर उभं राहून खरं सांगितलं, त्याच्याच घरात मी कसं खोटं बोलणार?

"हो," मी म्हणालो. "ते चालू ठेव म्हणाले होते. आणि माझी नोकरी राहिली, तीबी त्यायच्यामुळेच. दोन्ही खरं आहे."

त्यानं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला. बाहेर पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. मी वाकायला गेलो, तर त्यानं मला थांबवलं आणि स्वतः ढिगात शोधायला लागला. विचारावं लागलं नाही. एका चपलेचा तळ चांभाराकडून जाड करून घेतलेला, दुसरीपेक्षा चार बोटं उंच. ती त्यानं उचलली आणि उलटून पाहिली. तळव्याला हात लावून किती जाड आहे ते पाहत तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मागून कोणीतरी हाक मारली, तरी हलला नाही. मग खाली बसून त्यानं दोन्ही चपला माझ्या पायांसमोर नीट, सरळ मांडल्या आणि डावी धरून ठेवली, मी पाय घालेपर्यंत.